फाइल कोठे ठेवायची, यापेक्षा ती कोणाच्या ताब्यात आहे हे पाहा

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर नेमके कशाला आहे हे स्पष्ट राहील. तुमच्या पतसंस्थेच्या १४ शाखांतून पिग्मी एजंटांच्या दिवसभराच्या वसुलीची एकेक फाइल रोज संध्याकाळी मुख्य कार्यालयातील लिनक्स सर्व्हरवर येते. बहुतेक शाखा ती एसएफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून सुरक्षितपणे फाइल पाठवण्याच्या पद्धतीने, पाठवतात. दोन शाखांनी अलीकडे वेब पानावरून चढवायला सुरुवात केली आहे. सगळ्या फाइली टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टरीत ठरलेल्या नावाने जमा होतात आणि रात्री ११ वाजता क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून, सुटणारा बॅच जॉब (एकगठ्ठा काम करणारा प्रोग्रॅम) त्या वाचून खातेदारांच्या खात्यांत जमा-नोंदी करतो. अडचणी तीन आहेत. वेब पानावरून चढवलेली फाइल जॉबला सापडत नाही, पान मात्र ‘फाइल जतन झाली’ असे सांगते. एसएफटीपीने आलेल्या एखाद्या शाखेच्या नोंदी कधीकधी कमी भरतात. आणि एकदा तर एका शाखेची आदल्या दिवशीची वसुली दुसऱ्यांदा जमा झाली. तुम्ही विचारता की, ही तात्पुरती माहिती टीएमपीऐवजी व्हार डिरेक्टरीमधल्या दुसऱ्या टीएमपीत ठेवावी, की मेमरीत, की आणखी कोठे?

जागा बदलून यातली फार तर पहिली अडचण सुटेल, तीही नवी जागा व्हारमधली टीएमपी नसेल तरच. उरलेल्या दोन तशाच राहतील. कारण मूळ प्रश्न जागेचा नाही, ताब्याचा आहे. शाखेने पाठवलेली फाइल कोणत्या क्षणापर्यंत शाखेची असते, कोणत्या क्षणापासून जॉबची होते आणि जॉब संपल्यावर तिचे काय करायचे हे कोण ठरवते, याची उत्तरे तुमच्या आजच्या रचनेत कोठेच लिहिलेली नाहीत. पाठवणारा, जॉब आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे तिघेही एकाच फाइलीला आपली समजून वागत आहेत. ‘तात्पुरती’ या शब्दाने आपली थोडी फसगत होते. फाइल एका रात्रीपुरती असते हे खरे, पण त्या रात्रीपुरती ती संस्थेच्या हिशोबातील मूळ कागदाइतकीच महत्त्वाची असते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. जॉब एकाच यंत्रावर चालतो की अनेक यंत्रांवर, इनपुट काही केबींचा आहे की काही जीबींचा, त्यात खातेदारांची नावे व खाते क्रमांक आहेत का, आणि जॉब मध्येच पडला तर तोच इनपुट पुन्हा द्यावा लागतो का, यावर तपशील बदलतात. तुमच्या वर्णनावरून यंत्र एक, फाइली लहान, माहिती खासगी आणि जॉब पुन्हा चालवण्याची गरज नक्की, असे धरून मी पुढे लिहितो.

माझी कामाची सुरुवात मुंबईत आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावर, झाली. तेथे जॉब म्हणजे जेसीएल या जॉब लिहिण्याच्या भाषेतील ओळींचा गठ्ठा आणि लहानसहान इनपुट त्याच गठ्ठ्यात, एसवायएस-इन नावाच्या (माहिती कोठली ते सांगणाऱ्या) डीडी ओळीखाली तारांकन देऊन लिहिलेला असे. तिरकी रेघ आणि तारांकन आले की माहिती संपली. ही पद्धत पंचकार्डांच्या काळातली आहे. ८० रकान्यांची कार्डे, आधी जॉबची, मग माहितीची, आणि सगळा गठ्ठा एकदम ऑपरेटरच्या हाती द्यायचा. गठ्ठा दिल्यानंतर माहितीत कोणीही बदल करू शकत नसे, कारण ती जॉबबरोबरच रवाना झालेली असे. तो गुण आजच्या सर्व्हरवर आपोआप मिळत नाही, तो मुद्दाम घडवावा लागतो. संशोधन संस्थांच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर, जॉबांची रांग लावण्यासाठी वापरला जाणारा स्लर्म हा शेड्युलर याचे चांगले उदाहरण आहे. तुम्ही एसबॅच आज्ञेने जॉब दिला की स्क्रिप्टची प्रत त्याच क्षणी घेतली जाते आणि नंतर तुम्ही मूळ स्क्रिप्ट बदललीत तरी रांगेतल्या जॉबवर परिणाम होत नाही. पण त्या स्क्रिप्टमध्ये ज्या इनपुट फाइलीचे नाव लिहिले आहे, तिची प्रत कोणी घेत नाही. जॉबचा क्रमांक सहा तासांनी लागला, तर सहा तासांनंतर त्या नावाखाली जे असेल ते वाचले जाते. तुमच्या क्रॉनच्या जॉबचीही नेमकी हीच स्थिती आहे.

आता अडचणी एकेक घेऊ. वेब पानावरून चढवलेली फाइल दिसत नाही, याचे बहुधा कारण सिस्टमडीची (लिनक्सवरील सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) प्रायव्हेट-टेम्प ही सोय आहे. वेब सर्व्हरच्या सेवेसाठी ती चालू असली की त्या सेवेला स्वतःची वेगळी टीएमपी डिरेक्टरी मिळते. वेब पानाला वाटते आपण टीएमपीत लिहिले, आणि ते खरेही असते. पण क्रॉनच्या जॉबला दिसणारी टीएमपी निराळी असते. रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला, वापरकर्ता म्हणून टीएमपीत पाहिलेत तर ‘सिस्टमडी-प्रायव्हेट’ने सुरू होणाऱ्या लांबलचक नावाची एक डिरेक्टरी दिसेल आणि तिच्या आत तुमची हरवलेली फाइल सापडेल. त्याहून धोक्याची गोष्ट अशी की, सेवा थांबली की ही खासगी टीएमपी पुसली जाते. म्हणजे रात्री ९ वाजता कोणी वेब सर्व्हर रीस्टार्ट केला, तर संध्याकाळी चढवलेली वसुली कायमची गेली. ही सोय बंद करून अडचण सोडवू नका. ती सुरक्षिततेसाठी आहे आणि योग्य आहे. चूक आहे ती दोन वेगळ्या सेवांमधील देवाणघेवाण टीएमपीतून करण्याची.

टीएमपीवर विसंबू नये याची आणखी कारणे आहेत. सिस्टमडीच्या मूळ मांडणीत टीएमपीतील १० दिवस हात न लागलेल्या आणि व्हारमधल्या टीएमपीतील ३० दिवस हात न लागलेल्या फाइली झाडून काढल्या जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून टीएमपी डिस्कवर नसून मेमरीत असते, कमाल मर्यादा मेमरीच्या निम्मी. यंत्र रीबूट झाले की तिच्यातले सगळे जाते. शिवाय टीएमपीत सर्वांना लिहिता येते. तेथे ठरलेल्या, ओळखता येणाऱ्या नावाची फाइल वापरणे म्हणजे त्याच नावाची फाइल किंवा दुवा दुसऱ्या कोणी आधीच करून ठेवण्याची सोय करून देणे. टीएमपी ही एकाच प्रोसेसने (चालू असलेल्या प्रोग्रॅमने) स्वतःपुरते कच्चे काम करण्याची जागा आहे, आणि तेथेही नाव एमकेटेम्प या आज्ञेकडूनच घ्यावे. ती यादृच्छिक नाव देते आणि फाइल फक्त मालकालाच वाचता येईल अशी बनवते. दोन प्रोसेसमधला निरोप ठेवण्याची ही जागा नव्हे.

दुसरी अडचण, नोंदी कमी भरण्याची, माझ्या मते तिन्हींत सर्वांत फसवी आहे, कारण ती गाजावाजा न करता घडते. एसएफटीपीने फाइल येऊ लागली की पहिल्या बाइटपासून ती आपल्या अंतिम नावाने डिरेक्टरीत दिसू लागते. त्या क्षणी जॉब सुटला, तर त्याला फाइल सापडते, उघडते, वाचता येते, आणि शेवट आला की जॉब समाधानाने पुढे जातो. तो शेवट फाइलीचा नसून तोपर्यंत आलेल्या भागाचा आहे, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही.

याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका साखर कारखान्यात वजनकाट्यावरच्या पावत्यांची फाइल लेखा विभागाच्या सर्व्हरवर आणणारी व्यवस्था मी लिहिली होती. एका रात्री नेटवर्क मध्येच तुटले आणि अर्धी फाइल राहिली. ओळी कमी आहेत हे दुसऱ्या दिवशी लक्षात आले आणि उरलेल्या भरूनही घेतल्या. पण शेवटची ओळ आकड्याच्या मधोमध तुटलेली होती. १२.४५० टनांच्या जागी १२.४ एवढेच आले होते, आणि १२.४ हाही पूर्णपणे वैध आकडा असल्याने प्रोग्रॅमने तो निमूटपणे स्वीकारला. तो फरक पंधरवड्याच्या बिलानंतर ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याने स्वतःची पावती घेऊन येऊन दाखवला. तेव्हापासून, फाइल पूर्ण आहे हे तिच्या आतूनच सिद्ध झाले पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

त्यासाठी दोन उपाय एकत्र वापरा. पहिला उपाय नावबदलाचा. पाठवणाऱ्याने फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहावी आणि पूर्ण झाल्यावरच तिला अंतिम नाव द्यावे. जॉबने केवळ अंतिम नावाच्या फाइलींकडे पाहावे. लिनक्सवर एकाच फाइलसिस्टिममध्ये नाव बदलणे ही अखंड क्रिया आहे, म्हणजे पाहणाऱ्याला त्या नावाखाली एक तर काहीच दिसत नाही किंवा पूर्ण फाइल दिसते, अर्धवट अवस्था दिसतच नाही. मात्र ‘एकाच फाइलसिस्टिममध्ये’ या शब्दांवर सगळा भार आहे. टीएमपी मेमरीत आणि तुमची डिरेक्टरी डिस्कवर असेल, तर फाइल हलवणारी एमव्ही आज्ञा गुपचूप आधी प्रत काढते आणि मग मूळ फाइल पुसते, आणि ती प्रत निघत असताना अर्धवट फाइल पुन्हा दिसू लागते. म्हणून तात्पुरत्या नावाची फाइल आणि अंतिम नावाची फाइल शेजारी शेजारी, एकाच फाइलसिस्टिममध्ये असावी. तुमच्या शाखांत फाइली पाठवायला विनएससीपी हा प्रोग्रॅम वापरत असतील, तर एक बारकावा तपासा. तो प्रोग्रॅम मुळातच १०० केबींहून मोठ्या फाइलींसाठी तात्पुरते नाव वापरतो, लहान फाइली थेट अंतिम नावाने लिहितो. पिग्मी वसुलीची फाइल सहसा त्याहून लहान असते, त्यामुळे मोठ्या शाखांचे ठीक चालते आणि लहान शाखांचीच माहिती तुटते, असे चमत्कारिक चित्र दिसू शकते. सर्व फाइलींसाठी तात्पुरते नाव वापरण्याचा पर्याय त्याच्या सेटिंगमध्ये आहे.

दुसरा उपाय समाप्तीच्या ओळीचा. प्रत्येक फाइलीच्या शेवटी एक वेगळी ओळ असावी, तीत शाखा क्रमांक, व्यवहाराची तारीख, नोंदींची संख्या आणि एकूण रक्कम असावी. ही रक्कम पैशांत, म्हणजे पूर्णांकात लिहावी. जॉबने एकही नोंद करण्याआधी पूर्ण फाइल वाचून संख्या आणि बेरीज जुळवावी. समाप्तीची ओळ नसेल किंवा बेरीज जुळत नसेल, तर ती शाखा त्या रात्री बाजूला ठेवावी आणि बाकीच्या शाखांचे काम पुढे न्यावे. वसुलीच शून्य असेल त्या दिवशीही शाखेने शून्य नोंदींची, पण समाप्तीच्या ओळीसह फाइल पाठवावी. ‘वसुली झाली नाही’ आणि ‘फाइल आली नाही’ या दोन गोष्टी जॉबला वेगळ्या कळायलाच हव्यात.

फाइलीचा आकार एक मिनिट बदलला नाही तर ती पूर्ण आली असे समजावे, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तो घेऊ नका. ग्रामीण भागातील शाखेचे नेटवर्क दोन मिनिटे थबकून पुन्हा सुरू होणे ही रोजची गोष्ट आहे, आणि ज्या शाखेला या संरक्षणाची सर्वांत जास्त गरज आहे, नेमकी तिथेच ही युक्ती फसते.

तिसरी अडचण, दुबार जमेची. त्या दिवशी त्या शाखेची नवी फाइल आलीच नसावी आणि ठरलेल्या नावाची कालची फाइल तेथेच पडून असावी. जॉबच्या दृष्टीने त्या नावाची फाइल हजर होती. येथे ताबा घेण्याची क्रिया स्पष्ट करावी लागते. जॉब सुरू होताच त्याने स्वतःसाठी एक नवी डिरेक्टरी करावी, तिच्या नावात व्यवहाराची तारीख आणि त्या फेरीचा क्रमांक असावा, आणि आवक डिरेक्टरीतल्या (शाखांच्या फाइली जेथे येतात तेथल्या) फाइली नाव बदलून तिच्यात हलवाव्यात. पुढचे सगळे वाचन तेथूनच करावे. याचा आणखी एक फायदा असा की, चुकून जॉबच्या दोन फेऱ्या एकाच वेळी सुटल्या, तरी एक फाइल एकाच फेरीला मिळते. दुसरीला ती जागेवर नाही असे उत्तर येते. मात्र एक गैरसमज टाळा. पाठवणारा अजून लिहीत असताना तुम्ही फाइल हलवलीत, तर त्याचे लिहिणे थांबत नाही, तो हलवलेल्या फाइलीतच लिहीत राहतो. म्हणून ताबा घेणे हा पूर्णतेच्या तपासणीला पर्याय नाही. आधी वरचे दोन उपाय, मग हा.

तारखेबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. व्यवहाराची तारीख जॉबने घड्याळावरून काढू नये. ११ वाजताचा जॉब एखाद्या रात्री पडला आणि तुम्ही तो साडेबाराला पुन्हा चालवला, की घड्याळ उद्याची तारीख सांगते. तारीख जॉबला बाहेरून पॅरामीटर म्हणून द्यावी आणि फाइलीच्या समाप्तीच्या ओळीतील तारखेशी ती पडताळावी. शेवटचा अडसर डेटाबेसमध्ये असावा. आलेल्या प्रत्येक फाइलीची शाखा आणि व्यवहाराची तारीख एका तक्त्यात नोंदवा, त्या जोडीवर एकमेवतेचे बंधन घाला, फाइलीचा एसएचए-२५६ ठसाही (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) तेथेच ठेवा, आणि ही नोंद व खात्यांतील जमा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झाले तर सगळे नाहीतर काहीच नाही अशा रीतीने, करा. मग हाताने, चुकून किंवा घाईत तीच फाइल पुन्हा दिली, तरी डेटाबेस ती नाकारेल. एका दिवशी एका शाखेच्या दोन फाइली येणे तुमच्याकडे रास्त असेल, तर त्या जोडीत फाइलीचा अनुक्रमांकही घ्यावा लागेल.

फाइली वाचून थेट खात्यांत नोंदी करण्याऐवजी त्या आधी डेटाबेसमधील एका मधल्या तक्त्यात भराव्यात, हे मला जास्त पसंत आहे. तपासण्या तेथे सोप्या होतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल, तर ‘टेम्पररी’ प्रकारचा तक्ता डेटाबेसशी असलेली जोडणी संपताच नाहीसा होतो, त्यामुळे भरणे आणि जमा करणे हे दोन वेगळे प्रोग्रॅम असतील, तर तो चालणार नाही. ‘अनलॉग्ड’ तक्ता जोडण्यांच्या पलीकडे टिकतो आणि वेगवान असतो, पण सर्व्हर अचानक बंद पडला तर पुन्हा सुरू होताना रिकामा केला जातो. मूळ फाइली जॉबच्या डिरेक्टरीत शाबूत असतील, तर हे परवडते.

अगदी लहान इनपुट, म्हणजे एखादी तारीख किंवा चारपाच शाखांची यादी, फाइलीत घालण्याची गरज नसते. शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) स्क्रिप्टमध्ये हिअर-डॉक्युमेंट पद्धतीने ती जॉबबरोबरच लिहिता येते, जवळजवळ त्या जुन्या कार्डांच्या गठ्ठ्यासारखी. समाप्तीचा शब्द अवतरणात ठेवला, तर आतल्या डॉलर चिन्हांचा शेल अर्थ लावत बसत नाही. क्रॉनमध्येही अशी एक अल्पपरिचित सोय आहे. आज्ञेच्या ओळीतील पहिल्या टक्के-चिन्हानंतरचा सगळा मजकूर आज्ञेला स्टँडर्ड इनपुट म्हणून दिला जातो आणि पुढची टक्के-चिन्हे नव्या ओळी बनतात. ही सोय ठाऊक नसलेले लोक क्रॉनच्या ओळीत डेट आज्ञेला तारखेचा साचा देतात आणि त्यातील टक्के-चिन्हापाशी आज्ञा का तुटते हे शोधत बसतात. त्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. पासवर्ड किंवा खाते क्रमांक मात्र आज्ञेच्या ओळीत कधीही देऊ नका, सामान्यतः यंत्रावरील कोणालाही ते चालू प्रोग्रॅम दाखवणाऱ्या पीएस आज्ञेने दिसतात. एका पॅरामीटरची लांबीही लिनक्सवर १२८ केबींपुरती मर्यादित आहे, त्यामुळे वाढत जाणारी यादी अशी देऊ नये.

सफाईचा नियम मी असा ठेवतो की, यशस्वी फेरीची डिरेक्टरी जॉबने स्वतः हलवावी किंवा पुसावी आणि फसलेल्या फेरीची तशीच राहू द्यावी. अनेक स्क्रिप्टांत ट्रॅप (थांबताना ठरलेली आज्ञा चालवण्याची सोय) लावून बाहेर पडताना सगळे पुसण्याची पद्धत असते. मग जॉब पडल्यावर सकाळी तपासायला काहीच उरत नाही. शिवाय मेमरी संपल्याने कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) जॉब मारला, किंवा कोणी प्रोग्रॅम थांबवणारी किल आज्ञा ९ या संकेतासह दिली, तर ट्रॅप चालतच नाही. म्हणून वेगळा सफाईचा जॉब हवा, तो ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या डिरेक्टऱ्या काढेल आणि काय काढले ते लॉगमध्ये लिहील. किती दिवस, हे तुमच्या लेखापरीक्षकांशी बोलून ठरवा. या डिरेक्टऱ्यांची मालकी जॉबसाठी केलेल्या स्वतंत्र वापरकर्त्याकडे असावी, परवानगी ७०० (फक्त मालकाला प्रवेश) असावी, आणि शाखांना केवळ आवक डिरेक्टरीत, तीही प्रत्येकीला आपापल्या, लिहिता यावे. एका शाखेला दुसरीची वसुली वाचता येण्याचे कारण नाही.

थोडक्यात एका फाइलीचा प्रवास असा होईल. शाखा व्हारमधल्या स्पूल डिरेक्टरीखाली आपल्या आवक डिरेक्टरीत तात्पुरत्या नावाने लिहिते, पूर्ण झाल्यावर नाव बदलते; वेब पानही त्याच ठिकाणी तसेच करते. जॉब तारीख घेऊन सुटतो, फाइली स्वतःच्या डिरेक्टरीत हलवतो, समाप्तीच्या ओळीशी जुळवतो, मधल्या तक्त्यात भरतो, एका ट्रान्झॅक्शनमध्ये जमा करतो आणि मगच डिरेक्टरी निकाली काढतो.

हे सगळे एका दिवसात बदलण्याची गरज नाही. तुमच्या जागी मी आज डेटाबेसमधील एकमेवतेचे बंधन घालीन, कारण खातेदाराच्या पैशांना सर्वांत जास्त धोका दुबार जमेचा आहे आणि ते बंधन तासाभरात बसते. उद्या वेब पानाची जागा बदलीन. समाप्तीच्या ओळीसाठी शाखांच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल लागेल, त्याला वेळ जाईल. तोपर्यंत शाखेने संध्याकाळी नोंदींची संख्या व एकूण रक्कम फोनवर कळवावी आणि मुख्य कार्यालयात ती कोणीतरी जॉब सुटण्याआधी भरून ठेवावी. हे गैरसोयीचे आहे, पण हाताने भरलेल्या त्या दोन आकड्यांशीही जॉबला बेरीज जुळवता येते. बदल झाल्यावर चाचणीच्या सर्व्हरवर तीन प्रयोग जरूर करा. जॉब अर्ध्यावर असताना किल ९ ने मारा आणि पुन्हा चालवा. एकाच तारखेचा जॉब लागोपाठ दोनदा चालवा. आणि एका फाइलीची शेवटची ओळ मधोमध तोडून ती जॉबला द्या. तिन्ही वेळा खात्यांतील एकूण जमा किती होते ते आदल्या हिशोबाशी ताडून पाहा.